विद्यापीठ आणि त्याची पंचक्रोशी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

विद्यापीठामुळे आसपासच्या भागाचे अर्थकारण खरोखर सुधारते का, आणि सुधारायचे तर दोन्ही बाजूंनी नेमके काय करायचे, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या नगर परिषदेने जवळच्या विद्यापीठाशी सामंजस्य करार केला. फोटो छापून आले, वर्ष उलटले, पण काम काडीचेही झालेले नाही. घोडे अडते कुठे?

करारनामा काढून त्यातली क्रियापदे तपासा. ‘सहकार्य करतील’, ‘चालना देतील’, ‘प्रयत्नशील राहतील’ अशीच बहुतेक असतील. कोण, आठवड्याला किती तास आणि कोणत्या लेखाशीर्षातून, याचा पत्ता नसतो. सही कुलगुरू आणि अध्यक्ष करतात. ज्या प्राध्यापकाने आणि ज्या अधिकाऱ्याने काम करायचे, त्यांना करार झाल्याचे कळते ते वर्तमानपत्रातून. शिवाय बढतीच्या वेळी प्राध्यापकाचे शोधनिबंध मोजले जातात, तुमच्या बाजारपेठेसाठी दिलेल्या शनिवारांची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे हौशी माणूस असेपर्यंत काम चालते, पुढे थंडावते.

सामंजस्य करार आहे तसा राहू द्या. त्याखाली एकाच प्रश्नापुरता दोन पानी कार्यकरार करा. प्रश्न नेमका हवा. ‘शहराचा आर्थिक विकास’ हा विषय झाला. ‘मुख्य बाजारातले गाळे दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे का आहेत, आणि त्यातले कोणते भाडे, परवाना किंवा दुरुस्तीच्या अडचणीमुळे अडले आहेत?’ हा प्रश्न झाला. सहा महिन्यांत त्याचे उत्तर मिळू शकते.

दोन पानांत काय लिहायचे? विद्यापीठाकडून एक प्राध्यापक, आठवड्याला अर्धा दिवस, आणि तेवढा त्याचा अध्यापनाचा भार कमी केल्याचे विभागप्रमुखाचे पत्र. एक पगारी संशोधन साहाय्यक. परिषदेकडून कर आणि परवाना विभागाच्या नोंदी उघडून देण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी. निष्कर्ष कोणत्या महिन्याच्या कोणत्या सभेपुढे जाणार, हे आधीच ठरलेले असावे. सभा ठरली नाही तर अहवाल कपाटात जातो. माहिती कोणाकडे राहील, व्यक्तींची नावे कशी काढून टाकली जातील, हेही लिहा. प्रकाशनाबाबत एक ओळ पुरते: परिषदेला तथ्यांतल्या चुका दाखवायला ३० दिवस मिळतील, प्रकाशन रोखण्याचा अधिकार मात्र नसेल. ही ओळ नसेल तर पहिला नावडता निष्कर्ष आला की भागीदारी तुटते.

आणि दोन्हीकडे दोन-दोन नावे लिहा. अशा उपक्रमांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बदलीचा आदेश.

प्रश्न: ‘विद्यापीठाने समाजात यावे’ ही अलीकडची टूम आहे का?

नाही. अमेरिकेत १८६२च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन दिली. ती विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. (यातली बरीच जमीन मूळनिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे कौतुकाच्या भरात विसरले जाते.) १८८७च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोग केंद्रे जोडली गेली. तरी ज्ञान शेतापर्यंत पोचेना. पत्रके छापली जात, व्याख्याने होत, आणि शेतकरी जुन्याच पद्धतीने पेरत. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारसेवा उभी केली. विद्यापीठाशी जोडलेला माणूस थेट जिल्ह्यात राहू लागला आणि खर्च संघराज्य, राज्य व जिल्हा वाटून घेऊ लागले.

या कायद्याआधी १९०३ मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावी झालेला प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. सीमन नॅप हे त्या वेळी शेती खात्याचे काम पाहत, त्यापूर्वी ते आयोवाच्या कृषी महाविद्यालयाचे प्रमुख होते. त्यांनी सरकारी प्रयोगशेत काढले नाही. एका शेतकऱ्याच्याच जमिनीवर, त्याच्याच हाताने सुधारित पद्धत करून घेतली. नुकसान झाले तर भरपाई देता यावी म्हणून गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून हमी निधी ठेवला होता. वर्षअखेर शेतकऱ्याला नफा झाला, निधीला हात लावावा लागला नाही. पण तो निधी नसता तर शेतकरी तयार झाला असता का, याची शंकाच आहे.

आजही कारखानदार किंवा शेतकरी विद्यापीठाचे ऐकत नाही तेव्हा ‘मानसिकता’ हा शब्द पुढे केला जातो. बहुतेक वेळा अडचण मानसिकतेची नसते. प्रयोग फसला तर तोटा कोण सोसणार, हे कोणी सांगितलेले नसते.

प्रश्न: मी एका विद्यापीठाच्या खरेदी विभागात आहे. स्थानिकांकडून जास्त खरेदी करा असे वरून सांगतात, पण निविदेचे नियम आडवे येतात. लेखापरीक्षणात न अडकता हे कसे करायचे?

हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि खरे काम इथेच आहे. परिसंवाद आणि कार्यशाळांपेक्षा विद्यापीठाची रोजची खरेदी कितीतरी मोठी असते आणि ती दरवर्षी होते.

सुरुवात हिशोबाने करा. मागच्या बारा महिन्यांची देयके घ्या आणि रकमेनुसार पहिले ३०० पुरवठादार वेगळे काढा, बहुतांश खर्च तेवढ्यातच येतो. प्रत्येकापुढे पिन कोड लिहा. इथे पहिली चूक होते: बिलावरचा पत्ता स्थानिक शाखेचा असतो, पण कंपनी, नफा आणि पगार दुसरीकडे असतात. म्हणून या भागात किती माणसे कामाला आहेत, हा एक स्तंभ वाढवा. मग वस्तूंची वर्गवारी करा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक गावात मिळणार नाही, त्याचा नाद सोडा. छपाई, फर्निचर आणि त्याची दुरुस्ती, रंगकाम, बाग, कपडे धुलाई, भोजनपुरवठा, छोटी बांधकामे, संगणकांची देखभाल यांत वाव असतो.

आता निविदा. ‘फक्त स्थानिकांसाठी’ अशी अट बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही आणि तिची गरजही नसते. स्थानिक छोटा पुरवठादार बाहेर पडतो तो इतर अटींमुळे. वार्षिक उलाढालीची अट कंत्राटाच्या रकमेच्या पाच-दहा पट ठेवलेली असते, ती दीड-दोन पटीवर आणा. ‘अशाच संस्थेत पाच वर्षांचा अनुभव’ याऐवजी ‘अशा प्रकारच्या कामाचा अनुभव’ असे लिहा. एकाच निविदेत कामाचे भाग पाडा, म्हणजे एखाद्याला सर्व वसतिगृहांऐवजी दोनच वसतिगृहांसाठी दर भरता येतील. मात्र मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच कामाच्या वेगवेगळ्या छोट्या खरेद्या करणे ही अनियमितता आहे. खुल्या निविदेच्या आत भाग पाडणे वेगळे, निविदा टाळण्यासाठी तुकडे करणे वेगळे, आणि हा फरक टिपणीत स्पष्ट लिहून ठेवा. दुरुस्तीच्या कामात ‘तक्रारीनंतर चार तासांत माणूस हजर’ अशी सेवेची अट योग्यच असते, आणि जवळच्याला ती आपसूक सोपी जाते.

सर्वांत मोठा अडसर देयकाचा. बिल ९० दिवसांनी मिळणार असेल तर पुरवठादाराला तीन महिन्यांचे पगार आणि कच्चा माल उसन्या पैशांवर चालवावा लागतो. वार्षिक १८ टक्के व्याजाने तीन महिन्यांचे साडेचार टक्के होतात. त्याचा नफा आठ टक्के असेल तर निम्म्याहून अधिक व्याजातच गेला. मोठी कंपनी हे पचवते, छोटा माणूस पुढच्या वेळी निविदाच भरत नाही. ३० दिवसांत देयक देण्याचा नियम कागदावर असतो, पण घड्याळ कधी सुरू होते ते पाहा: माल आल्यापासून, की चार सह्या झाल्यापासून?

पुढच्या सहा महिन्यांत काय खरेदी होणार याची यादी आधी जाहीर करा आणि निविदेपूर्वीच्या बैठकीला स्थानिक संघटनांना बोलवा. तयारीला वेळ मिळाला की दरही सुधारतात.

असे केल्याने फरक पडतो का? इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात नगर परिषद, जिल्हा परिषद, पोलीस, गृहनिर्माण संस्था आणि महाविद्यालये अशा सहा संस्थांनी मिळून हे केले. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खरेदीतला ५ टक्के पैसा शहरात राहत होता, २०१६-१७ मध्ये तो १८.२ टक्के झाला.

उलट बाजूही ऐका. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये २००८ पासून एव्हरग्रीन या कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आणि तिथली मोठी रुग्णालये यांची खरेदी त्यांच्याकडे वळवायची, ही त्यामागची कल्पना. पहिली होती कपडे धुलाईची संस्था. अपेक्षेइतकी मोठी कंत्राटे सुरुवातीला मिळालीच नाहीत, कारण रुग्णालयांचे आधीचे करार चालू होते. संस्थेला बरीच वर्षे छोट्या ग्राहकांवर काढावी लागली. क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाचे मोठे धुलाई केंद्र तिच्याकडे आले ते २०१८ मध्ये. म्हणून कोणाला यंत्रसामग्री घ्यायला लावण्याआधी आपले चालू कंत्राट कोणत्या तारखेला संपते, ते त्याला लेखी सांगा. तोंडी आश्वासनावर कर्ज काढायला लावू नका.

प्रश्न: आमची लघुउद्योजकांची संघटना आहे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प घेतले, पण दरवेळी काम अर्धवट सोडून मुले निघून जातात. दोष कोणाचा?

कॅलेंडरचा. सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचे दिसते. पहिले दोन-तीन आठवडे गट आणि विषय ठरण्यात जातात, मध्ये परीक्षा येते, शेवटचे दोन अहवालात जातात. हाती राहतात जेमतेम दहा आठवडे, आणि त्यातही आठवड्याला सहा-आठ तास. त्यात ‘नवे यंत्र बनवा’ असा विषय दिला तर अर्धवटच मिळणार.

त्या वेळेत काय बसते? मोजमाप आणि तुलना. साचा बदलायला लागणारा वेळ कशात जातो याचा घड्याळ लावून अभ्यास, नाकारलेल्या मालाची कारणवार वर्गवारी, विजेच्या बिलाची पाळीनुसार फोड, तीन पुरवठादारांच्या कच्च्या मालाची चाचणी. ज्यावर तुमची पुढच्या महिन्याची डिलिव्हरी अवलंबून आहे, असे काम विद्यार्थ्यांना कधीही देऊ नका.

विषय सत्र सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी द्या आणि कारखान्यातला एक माणूस आठवड्याला एक तास राखून ठेवा. तोही नसेल तर प्रकल्प घेऊच नये. शेवटी अहवालाखेरीज हस्तांतराची फाइल मागा: मूळ नोंदी, मोजमापाची पद्धत, फसलेले प्रयत्न, पुढची पायरी. गुणांपैकी दहा-पंधरा टक्के या फाइलला असतील तरच ती नीट होते, हे प्राध्यापकांशी बोलून ठरवा. पुढची तुकडी तिथून उचलते.

खरोखर अवघड काम असेल तर विद्यार्थी नको, पदवीधर हवा. ब्रिटनमध्ये १९७५ पासून चालत आलेली आणि २००३ पासून ‘नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप’ नावाने ओळखली जाणारी योजना याच तत्त्वावर आहे. एक पदवीधर १२ ते ३६ महिने कंपनीत बसून एकच प्रकल्प करतो, प्राध्यापक आठवड्याला साधारण अर्धा दिवस देतो, खर्च सरकार आणि कंपनी वाटून घेतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९५७ पासून अभ्यास आणि नोकरीची सत्रे आलटून-पालटून येतात. एक विद्यार्थी परत गेला की दुसरा येतो, त्यामुळे कारखान्यातली खुर्ची रिकामी राहत नाही. तुमच्या भागात अशी योजना नसली तरी दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक पदवीधर ठेवणे अशक्य नाही. फक्त कोणत्या कारखान्यात किती दिवस, आणि एकाची गुपिते दुसऱ्याकडे जाणार नाहीत, हे आधी लिहून घ्या.

प्रश्न: आमच्या विद्यापीठाने पेटंट कक्ष आणि इन्क्युबेशन सेंटर (नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणारे केंद्र) काढले. चार वर्षांत रॉयल्टी जवळपास शून्य. बंद करावे का?

रॉयल्टीच्या अपेक्षेने काढले असेल तर अपेक्षा बंद करा. १९८०च्या बे-डोल कायद्यानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांना सरकारी निधीतून लागलेल्या शोधांचे हक्क स्वतःकडे ठेवता येऊ लागले. तरीही तिथल्या बहुतेक पेटंट कक्षांचा खर्च त्यांच्या उत्पन्नातून भागत नाही. मोजक्या विद्यापीठांना एखादे औषध किंवा तंत्रज्ञान लागून जाते, आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून योजना आखतात.

प्रादेशिक फायदा कंपन्या टिकण्यात आहे. नेदरलँड्समधले ट्वेंटे विद्यापीठ १९६१ मध्ये स्थापन झाले, कापड गिरण्यांच्या पट्ट्यात. तिथे १९८४ मध्ये नवउद्योजकांना एक वर्षासाठी जागा, मार्गदर्शक आणि बिनव्याजी कर्ज देणारी साधी योजना सुरू झाली. वॉटर्लूत शोधाची मालकी विद्यापीठ घेतच नाही, ती शोधणाऱ्याचीच राहते. तुमच्या केंद्रात बाक-खुर्च्या आणि इंटरनेट एवढेच असेल तर ते वाचनालय झाले. त्याऐवजी चाचणी प्रयोगशाळा ठरावीक दराने आणि ठरावीक दिवसांत बाहेरच्यांना खुली करा. छोट्या उद्योगाला पेटंटपेक्षा नमुन्याचा चाचणी अहवाल दहा दिवसांत मिळण्याची गरज जास्त असते.

प्रश्न: आमच्या संस्थेकडे पैसे नाहीत. तरी विद्यापीठ आमचा प्रश्न घेईल का?

‘विज्ञान दुकान’, म्हणजे लोकांचे प्रश्न संशोधनासाठी घेणारी विद्यापीठातली खिडकी आहे का, अशी चौकशी करून पाहा. १९७०च्या दशकात नेदरलँड्सच्या विद्यापीठांत ही खिडकी सुरू झाली. तिच्या जुन्या अटी तीन: विचारणाऱ्याकडे पैसे नसावेत, हेतू नफ्याचा नसावा, आणि मिळालेले उत्तर वापरण्याची ताकद त्याच्यात असावी. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. उत्तर मिळाल्यावर कोण काय करणार हे अर्जातच लिहा, तुमचा अर्ज वर येईल. आणि तुमचे कार्यकर्ते माहिती गोळा करणार असतील तर त्यांच्या दिवसांचा मोबदला विद्यापीठाच्या प्रकल्प खर्चात धरायला सांगा. फुकट राबणारा भागीदार दुसऱ्या वर्षी राहत नाही.

प्रश्न: विद्यापीठाने शेजारचा भाग सुधारला की आमच्यासारखे भाडेकरूच हाकलले जातात. याला विकास कसे म्हणायचे?

तुमची भीती खरी आहे. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९०च्या दशकात पश्चिम भागात सुरक्षा, घरे, दुकाने आणि शाळा असे एकत्रित काम हाती घेतले. २००१ मध्ये त्याच्या मदतीने नवी सार्वजनिक शाळा सुरू झाली. शाळा उत्तम निघाली, आणि तिच्या प्रवेशक्षेत्रातल्या घरांच्या किमती चढल्या. यात कोणाची लबाडी नव्हती, पण किमतींना आवर घालणारी तरतूद आधी केलेली नव्हती.

बांधकामाची परवानगी मिळण्यापूर्वीच रहिवाशांच्या हाती काही असते, नंतर नसते. त्या टप्प्यावर तीन गोष्टी लेखी मागा: वाढणाऱ्या विद्यार्थिसंख्येसाठी विद्यापीठाच्या आवारात वसतिगृहाच्या किती खाटा होणार आणि कधी, नव्या नोकऱ्यांपैकी किती जागांची जाहिरात आधी शेजारच्या वस्तीत होणार व त्यासाठीचे प्रशिक्षण कोण देणार, आणि विद्यापीठ मालमत्ता कर भरत नसेल तर त्याऐवजी स्थानिक संस्थेला काय देणार. खाटांची मागणी सर्वांत परिणामकारक, कारण भाडे चढवते ती मुख्यतः विद्यार्थ्यांची मागणी.

प्रश्न: विद्यापीठाच्या अहवालात लिहिले आहे की ते खर्च करते त्या प्रत्येक रुपयामागे परिसरात अनेक रुपये निर्माण होतात. हे आकडे कितपत खरे?

असा आकडा दिसला की गुणक कसा काढला ते विचारा. समजा विद्यापीठाने १०० खर्च केले आणि त्यातले ४० परिसरात पुन्हा खर्च झाले, त्या ४०पैकी १६, मग ६.४, असे कमी होत गेले. बेरीज साधारण १६७ होते, म्हणजे गुणक १.६७. स्थानिक हिस्सा ४०ऐवजी २० टक्के असेल तर तो १.२५वर येतो. छोट्या भागात पैसा लवकर बाहेर जातो, म्हणून गावाचा गुणक राज्याच्या गुणकापेक्षा कमीच असायला हवा. अहवालात गावासाठी चार-पाचचा गुणक असेल तर तो बहुधा देशपातळीवरून उचललेला असतो.

दुसरी गल्लत मोजणीची. स्थानिक विद्यार्थी इथे शिकला नसता तरी त्याने घरभाडे आणि किराणा इथेच भरला असता, तो खर्च विद्यापीठाच्या खात्यात धरता येत नाही. बाहेरून आलेला विद्यार्थी, किंवा एरवी बाहेर गेला असता असा, एवढेच धरायचे. विद्यापीठाच्या उपाहारगृहामुळे शेजारची खानावळ बंद पडली तर ती वजा करायची. बहुतेक अहवालांत वजाबाकीचा स्तंभच नसतो.

भागीदारीचे मोजमाप करायचे तर मोठा गुणक सोडा आणि चार आकडे दरवर्षी त्याच पद्धतीने घ्या: खरेदीतला स्थानिक टक्का, देयकाचे सरासरी दिवस, प्रकल्पांपैकी कितींची शिफारस वर्षभरात प्रत्यक्ष अमलात आली, आणि पदवीधरांपैकी तीन वर्षांनी किती जण याच भागात कामाला आहेत. काम सुरू होण्यापूर्वीच्या वर्षाचे आकडे आधी काढून ठेवा, ते मागाहून जुळवता येत नाहीत. तिसरा आकडा विद्यापीठाने स्वतः काढू नये. ज्यांच्यासाठी प्रकल्प झाला त्यांना बारा महिन्यांनी फोन करून एवढेच विचारायचे, ‘त्यातले काय वापरले?’, आणि उत्तर ‘काही नाही’ आले तर त्याचे कारणही नोंदवायचे.